लोण्याचा निवाडा

लोणी जळतें कीं नाहीं, या प्रश्नाचा निवाडा करण्याचा प्रसंग चौऱ्याहत्तराव्या वर्षीं माझ्यावर येईल, आणि तोहि अमेरिकेंत येईल, असें कोणीं सांगितलें असतें तर मीं तें थट्टेवारी नेलें असतें. चाळीस वर्षें मीं साताऱ्यास दिवाणी वकिली केली. बांधाचे, वाटेचे, विहिरीच्या पाण्याचे, सामाईक भिंतीचे असे नाना वाद माझ्या हाताखालून गेले. पण लोण्याचा दावा कधीं आला नव्हता. तो आला २०२४ सालच्या उन्हाळ्यांत, मिलवॉकी शहरीं, माझ्या मुलीच्या घराच्या तळघरांत; आणि त्यांतले वादी-प्रतिवादी तेरा-चौदा वर्षांचे होते.

माझा नातू आणि त्याचे सोबती दर शनिवारीं तेथें एक खेळ खेळत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. ‘तळघरें आणि अजगर’ असें मीं त्याचें भाषांतर करून घेतलें. पैकीं तळघर तर समोर होतेंच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या वेळीं अवघ्या हजार प्रती निघाल्या. एका पेटींत तीन चोपड्या. ज्या लेक जिनीव्हा गांवीं त्याचा जन्म झाला, तें मुलीच्या घरापासून मोटारीनें तासाभराच्या वाटेवर आहे. या खेळांत बुद्धिबळासारखा पट असलाच पाहिजे असें नाहीं, आणि शेवटीं कोणी जिंकत नाहीं कीं हरत नाहीं. एक मुलगा सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. तुम्ही काय करूं इच्छितां तें बोलावयाचें, आणि साधेल कीं फसेल याचा कौल वीस बाजूंच्या फांशाला लावावयाचा. थोडक्यांत, आपल्या लहानपणच्या भातुकलीला महाभारताएवढा नियमग्रंथ जोडला म्हणजे हा खेळ होतो.

त्या दिवशीं सूत्रधार माझा नातू होता. त्याच्या वर्गांतील एक अमेरिकन मुलगी मांत्रिक झाली होती. सहा खुज्या राक्षसांनीं वाट अडविली, तेव्हां तिनें ‘ग्रीस’ नांवाचा मंत्र टाकला. या मंत्रानें दहा फूट लांब-रुंद अशी जमीन मिनिटभर वंगणानें माखून जाते. तिच्यावर जो उभा असेल त्यानें तोल सांवरावा, नाहीं तर पडावें. चार राक्षस पडले. मुलीनें मोठ्या उत्साहानें सांगितलें, “आतां मी त्यांच्यावर पेटती मशाल फेंकतें. वंगण भडकेल आणि सगळे जळून जातील.”

“वंगण जळतं असं पुस्तकात कुठे लिहिलंय?” सूत्रधारानें विचारलें.

मुलीनें पुस्तकाच्या त्याच पानावर बोट ठेवलें. मंत्रासाठीं लागणाऱ्या साहित्याची तेथें नोंद होती: डुकराच्या कातड्याचा तुकडा किंवा लोणी. लोणी जळतें, हें कोणीहि सांगेल! जिन्याच्या पायरीवर बसलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें न विचारतां साक्ष दिली, “आजी रोज निरांजनात तूप जाळते.” वाद वाढला. कोणी पुस्तकाचें नांव घेई, कोणी अकलेचें. अखेरीस नातवानें मान वळवून म्हटलें, “आजोबा, तुम्ही वकील आहात ना? तुम्हीच सांगा.”

वकिलाला एवढें पुरतें. मीं चष्मा लावला, पुस्तक मागवून घेतलें आणि तो मजकूर दोनदां वाचला. पुस्तक २०१४ च्या आवृत्तीचें होतें. घसरणें, पडणें, चालण्यास अडचण होणें, एवढींच फळें तेथें सांगितलीं होतीं. आगीचें नांव नव्हतें. मग मीं अग्निगोलाच्या मंत्राचें पान काढलें. तेथें, कोणीं अंगावर घातलेल्या किंवा हातांत धरलेल्या नसतील अशा ज्वालाग्राही वस्तु पेटतात, असें स्पष्ट लिहिलें होतें. जेथें पेटवावयाचें तेथें ग्रंथकार तसें लिहितो; येथें त्यानें लिहिलें नाहीं; सबब वंगण जळत नाहीं. निकाल दिला. नातवाचा चेहरा फुलला. मुलीनें फांसा खालीं ठेवला आणि शांतपणें मला विचारलें, “मग त्यांनीं लोणी लिहिलं तरी कशाला?”

चाळीस वर्षांत कोणत्याहि विरुद्ध पक्षाच्या वकिलानें मला इतका अवघड प्रश्न विचारला नसेल. तो मीं रात्रीं खोलींत बरोबर नेला. आणि नातवाचें पुस्तकहि नेलें.

पुस्तक चाळतांना दिसलें तें असें. साहित्याच्या या नोंदी बहुतेक थट्टेच्या आहेत. अग्निगोलाला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतें. विष्ठेंतून सोरा मिळतो, सोरा आणि गंधक म्हटलें कीं बंदुकीची दारू जवळ आलीच. विजेच्या मंत्राला केंसाळ कातड्याचा तुकडा आणि कांचेची कांडी. शाळेंत घर्षणानें वीज उत्पन्न करण्याचा प्रयोग ज्यानें केला असेल त्याला हंसूं येईल. दुसऱ्याचे विचार ओळखण्याच्या मंत्राला तांब्याचें एक नाणें. कारण विचारांत गढलेल्या माणसाला ‘एक पैसा देतों, विचार सांग’ असें म्हणण्याची इंग्रजींत रीत आहे. खेळणारे अशा मजकुराला ‘फ्लेवर टेक्स्ट’ म्हणतात. म्हणजे चवीचा मजकूर. नियम हें अन्न, हा मजकूर फोडणी. परंतु याच नोंदींत मेलेल्याला तत्काळ उठविणाऱ्या मंत्रापुढें तीनशें सुवर्णमुद्रांचे हिरे लिहिले आहेत, आणि ते हिरे मंत्रांत खर्चीं पडतात. येथें मात्र थट्टा नाहीं. हिरे नसतील तर मंत्र नाहीं. नियमच असा आहे कीं, ज्या साहित्याची किंमत छापलेली नाहीं आणि जें खर्चीं पडत नाहीं, त्याच्या ऐवजीं मांत्रिकाची झोळी किंवा कांडी चालते. एकाच ओळींतला मजकूर किंमत छापल्यास कायदा होतो, न छापल्यास गंमत राहते.

ही सीमारेषा नेहमीं एकाच जागीं राहिलेली नाहीं. १९७८ च्या पुस्तकांत अग्निगोल सुमारें तेहतीस हजार घनफूट जागा व्यापीत असे. अरुंद बोळांत टाकला तर ज्वाळा मागें फिरून टाकणारालाच भाजून काढीत. म्हणजे आगीच्या स्वभावाचें वर्णन हाच तेथें नियम होता. पुढें २००८ च्या आवृत्तींत दोन्ही गोष्टी वेगळ्या छापल्या. वर्णनाची ओळ तिरप्या अक्षरांत, नियम साध्या अक्षरांत. आणि वर्णन तुम्हांला आवडेल तसें बदला, अशी मोकळीक. वाद कमी व्हावेत असा हेतु उघड दिसतो. परंतु अनेकांना तें पुस्तक यंत्राच्या माहितीपत्रासारखें रुक्ष वाटलें. २०१४ सालीं दोन्ही मजकूर पुन्हां एकाच परिच्छेदांत नांदूं लागले, आणि त्याबरोबर भांडणेंहि. त्याच पुस्तकांत एका मंत्राचें नांव ‘गार स्पर्श’ अशा अर्थाचें आहे. पण तो एकशें वीस फुटांवरून चालतो आणि त्यानें होणारी इजा थंडीची नसते. नांव एक सांगतें, नियम दुसरेंच करतो.

हें वाचतां वाचतां मला एकदम ओळखीच्या गांवांत शिरल्यासारखें झालें. माझें बालपण वाईंत गेलें. ज्या वाईंत केवलानंद सरस्वतींनीं प्राज्ञपाठशाळा स्थापिली आणि मीमांसाकोशाचें प्रचंड काम झालें, त्या वाईंतील मुलाच्या कानांवर विधि आणि अर्थवाद हे शब्द, अर्थ कळण्यापूर्वींच पडत. पुढें वकिलींत त्यांची पुन्हां गांठ पडली. कारण मीमांसेचे नियम हिंदु कायद्यास कसे लागू पडतात या विषयावर किशोरीलाल सरकार यांनीं १९०५ सालीं टागोर व्याख्यानमाला गुंफली होती, आणि आपल्याकडे पांडुरंग वामन काणे यांनीं वकिली करतां करतां धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला होता. मीमांसकांपुढचा प्रश्न त्या मुलीचाच होता. वेदांतील एक वाक्य म्हणतें, अमुक करा. तो विधि. त्याला लागून दुसरें वाक्य येतें, त्यांत करण्यासारखें कांहींच नसतें. नुसती स्तुति, निंदा किंवा कथा. तो अर्थवाद. ऐश्वर्याची इच्छा असणारानें वायूसाठीं पांढऱ्या पशूचा याग करावा, असें सांगून लगेच, वायु ही अत्यंत शीघ्रगति देवता आहे, असें वर्णन येतें. देवता शीघ्र आहे हें कळून यजमानानें करावयाचें काय? मग ती ओळ लिहिली कशाला?

जैमिनीचें उत्तर मला नेहमींच मोठें समंजस वाटत आलें आहे. ती ओळ एकटी प्रमाण नाहीं. पण ती व्यर्थहि नाहीं. विधीशीं मिळून तिचें एकच वाक्य होतें. देवता शीघ्र, म्हणून फळहि शीघ्र, असें सुचवून ती कर्त्याचें मन विधीकडे वळविते. आणि क्वचित् ती याहून अधिक करते. अग्नीची चिति रचतांना माखलेले खडे मांडावेत, असा एक विधि आहे. कशानें माखलेले? तेलानें, वसेनें कीं तुपानें? विधि तेथें मुका आहे. परंतु पुढें तुपाची स्तुति आहे. तूप म्हणजे तेज, असें म्हटलें आहे. ती स्तुति आज्ञा नव्हे. तरी तिच्याच आधारें, खडे तुपानें माखावेत, असा निर्णय मीमांसकांनीं दिला. यांतून नियम निघतो तो असा: विधीनें स्वतःच शंका उत्पन्न केली असेल, तर उत्तर अर्थवादाला विचारावें, विधि निःशंक असेल, तर अर्थवादाच्या जोरावर नवा विधि उभा करूं नये.

या नियमानें पाहतां माझा निकाल बरोबर होता. वंगणाच्या मंत्रांत आगीची शंका मंत्रानें काढलेलीच नाहीं. ती काढली मशाल हातीं असलेल्या मुलीनें. लोणी तेथें कशाला? घसरणें डोळ्यांपुढें यावें म्हणून, आणि थोडें हंसूं यावें म्हणून. वर्णन ऐकून नियम समजून घेणें वेगळें, आणि वर्णनाला पिळून नियमांत नसलेला लाभ काढणें वेगळें. उद्यां सकाळीं मुलीला हें समजावून सांगूं, असें ठरवून मीं दिवा मालविला.

पण झोंप लागली नाहीं. खडे आणि तूप मनांतून जाईनात.

१९८३ सालीं माझे काका वारले. काकू लहान वयांत गेली होती, आणि काकांच्या दोन मुलांना माझ्या विधवा आत्यानें वाढविलें होतें. काकांचें मृत्युपत्र त्यांच्याच हातचें, दहा-बारा ओळींचें होतें. वाईचें घर दोघां मुलांना दिलें होतें. पुढें एक ओळ होती: घरच्या माणसांनीं घरांत सुखानें राहावें. आणि तिच्यापुढें: माझ्या बहिणीनें हीं मुलें मांडीवर वाढविलीं, तिचे उपकार फिटणारे नाहींत. दोन वर्षांनीं माझ्या चुलतभावांना तें घर विकावयाचें होतें. आत्याला त्यांत राहण्याचा हक्क पोंचतो काय, असें विचारावयास ते माझ्याकडे आले. फी घेण्याचा प्रश्न नव्हता, घरचाच वकील.

मीं लेखी अभिप्राय दिला. पहिल्या ओळींत दान आहे. दुसऱ्या ओळींत नुसती इच्छा आहे, आणि घरचीं माणसें म्हणजे कोण, हें अनिश्चित आहे. तिसऱ्या ओळींत कृतज्ञता आहे. तींत देणें-घेणें कांहींच नाहीं. इंग्रजी न्यायालयांची परंपरा माझ्या बाजूला होती. १८८४ सालच्या एका प्रसिद्ध निकालांत, पत्नी मुलांच्या बाबतींत योग्य तेंच करील या पूर्ण विश्वासानें तिला दिलेली मालमत्ता निखालस तिचीच, त्या विश्वासाचें बंधन नाहीं, असें ठरलें होतें. माझा अभिप्राय दोन पानांचा, मुद्देसूद आणि निर्दोष होता. घर विकलें गेलें. आत्यानें आपली पत्र्याची पेटी आणि देव घेतले, आणि ती कऱ्हाडला सासरकडच्या एका दूरच्या नातलगाकडे गेली. माझ्याकडे ये, असें मीं म्हटलें. ती हंसून “बघू” म्हणाली, आणि आली नाहीं. १९९१ सालीं ती तेथेंच वारली.

त्या रात्रीं मिलवॉकींत मला प्रथमच दिसलें कीं, काकांची दुसरी ओळ म्हणजे माखलेले खडे होते. घरचीं माणसें कोण? शंका विधीनेंच उत्पन्न केली होती. ती मशाल घेऊन बाहेरून कोणीं आणली नव्हती. आणि उत्तर अगदीं पुढच्याच शब्दांत होतें. मृत्युपत्रासारख्या तोलून लिहिलेल्या दहा ओळींत मरणाऱ्या माणसानें बहिणीची स्तुति उगीच केली नव्हती. घरचीं माणसें म्हणतांना आपल्या डोळ्यांपुढें कोण आहे, तेंच तो सांगत होता. तें मीं फोडणी समजून काढून टाकलें. जो नियम एका परक्या मुलीच्या खेळांत मीं तिच्या विरुद्ध इतक्या बिनचूकपणें लावला, तोच आत्याच्या बाजूनें लावण्याचें मला सुचलें नाहीं. कोर्टानें काय ठरविलें असतें तें सांगवत नाहीं. कदाचित् माझ्यासारखेंच ठरविलें असतें. पण कोर्टापुढें प्रश्न गेलाच नाहीं. तो माझ्या टेबलावर सुटला.

मुलीला मीं पुढच्या शनिवारीं लोण्याचें कारण समजावून सांगितलें. तिला तें पटलें असें दिसलें नाहीं. पण तिनें ऐकून घेतलें. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत खेळाच्या मुख्य ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति निघाली. ती मुलगी पुस्तक घेऊनच जिना उतरली आणि तिनें ग्रीसचें पान माझ्यापुढें धरलें. मंत्राच्या आरंभींच एक विशेषण नव्यानें घातलें होतें: अज्वलनशील. दहा वर्षें ठिकठिकाणच्या टेबलांवर चाललेला वाद एका शब्दानें मिटला होता. गार स्पर्शाचा मंत्रहि दुरुस्त झाला होता. आतां तो खरोखर स्पर्शानेंच चालतो. “आजोबा जिंकले,” माझा नातू म्हणाला. मुलगी हंसली. लोणी मात्र साहित्याच्या नोंदींत जसेंच्या तसें राहिलें होतें. तें काढावें असें ग्रंथकारांना वाटलें नाहीं, याचा मला कां कोण जाणे, फार आनंद झाला.

मृत्युपत्राची सुधारलेली आवृत्ति निघत नाहीं. पण ही सबब देखील पुरती खरी नाहीं. ज्या दिवशीं मीं तो अभिप्राय लिहिला, त्या दिवशीं मृत्युपत्राखालीं सह्या करणारे दोन्ही साक्षीदार वाईंत हयात होते. आत्या तर माझ्या अभिप्रायाच्या आदल्या रविवारीं तिच्या ओसरीवर माझ्यासमोरच बसली होती; मीं तिच्या हातचा चहा घेतला आणि पावसाविषयीं बोललों. काकांनीं तुला काय सांगितलें होतें, एवढा एक प्रश्न मीं विचारला नाहीं.

मी परत येण्यापूर्वींच्या शनिवारीं खालीं पुन्हां कांहीं तंटा झाला. या वेळीं प्रश्न पाण्याचा होता. हवेंतून पाणी उत्पन्न करण्याचा मंत्र आहे. तें पाणी उघड्या भांड्यांत भरतें. शत्रूचीं फुप्फुसें उघडें भांडें मानावीं काय, यावर दोन पक्ष पडले होते. नातीनें वर येऊन मला निरोप दिला, “आजोबा, खाली बोलावलंय. निवाडा करायचाय.”

मीं तिला सांगितलें कीं, वकिलानें वकिली सोडली आहे. सूत्रधार तेथेंच बसला आहे, त्याच्या मनांत काय आहे तें त्यालाच विचारा. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि मागें वळून म्हणाली, “पण त्याला विचारलं तर तो सांगेलच की!”